नऊ मार्चचा करकोचा

बस पुलावर आली आणि मागच्या सीटवरची एक मुलगी एकदम किंचाळली, "करकोचा! आई, करकोचा! मी पाहिला!" आणि काय सांगू, अख्खी बस वर बघायला लागली. ऑफिसला निघालेली माणसं, पिशवीत पालेभाजी घेतलेल्या म्हाताऱ्या, मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली कॉलेजची पोरं, सगळ्यांनी माना वळवून काचेला नाकं लावली. सात मार्च म्हणजे सगळ्यांच्याच मनगटावर लाल-पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याची मार्तेनित्सा, एक तारखेला एकमेकांना बांधलेली, आणि ती सोडायची कधी, तर पहिला करकोचा दिसल्यावर. पण सात मार्चला कुठला करकोचा! नदीकाठच्या नव्या इमारतीच्या परांचीवरून एक पांढरा प्लास्टिकचा कागद सुटला होता आणि वाऱ्यावर फडफडत मारित्सा नदीवरून चालला होता, तेवढाच. "अगं बाळ, कागद आहे तो," पुढचे एक आजोबा म्हणाले. "नाही," मुलगी म्हणाली, "पंख हलवले त्याने. मी पाहिला." तिच्या आईच्या दोन्ही हातांत पिशव्या, डोळ्यांखाली काळं. ती म्हणाली, "बरं बाई, पाहिलास तर पाहिलास." आणि पिशव्या गुडघ्यांत धरून तिने मुलीच्या मनगटावरची गाठ दातांनी सोडवायला घेतली. नेव्याना त्यांच्या समोरच उभी होती, वरच्या कडीला लोंबकळत. तिला एकदम वाटलं, बसचा तळ गेला. खरंच, पायांखाली काही नाहीच. ती आपल्या स्टॉपवर उतरायला विसरली, त्याच्या पुढच्याही, आणि मग कुठल्या तरी तिसऱ्याच स्टॉपवर उतरून वीस मिनिटं उलटी चालत संशोधन संस्थेत पोचली, आणि चालताना तिच्या डोक्यात एकच चाललं होतं की त्या मुलीला माहीत आहे. तो कागद होता हे त्या मुलीला पक्कं माहीत आहे. ते "मी पाहिला" कसं म्हटलं जातं, हनुवटी कशी वर जाते, आवाज कसा जरा जास्तच मोठा होतो, हे जगात आणखी कुणाला कळलं नसतं तरी नेव्यानाला कळणारच होतं.

खोलीत ल्यूबेन आधीच येऊन सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेला. ल्यूबेन म्हणजे तिच्या पेपरचा दुसरा लेखक, आकडेमोडवाला, पंधरा वर्षं एकाच खोलीत समोरासमोर टेबल. "या महाराणी," तो म्हणाला, "संपादकबाईंचा निरोप वाचलास? गोषवारा दोनशे शब्दांचा, एक शब्द जास्त नाही, आज पाचच्या आत. आपला किती आहे माहितीये? दोनशे एकतीस. एकतीस शब्द मारायचेत आणि मारायचे तू, कारण मला माझे सगळेच आवडतात." नेव्यानाने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, तो घसरून पडला, तिने उचलला नाही. "आणि उद्या आठ मार्च," ल्यूबेन म्हणाला, "महिला दिन. आज पाठवलंस तर उद्या फूल. नाही पाठवलंस तर फूल मी लेखापालबाईंना देणार, तिचा नवराही देत नाही बिचारीला." "दे तिला," नेव्याना म्हणाली. "काय झालंय? तोंड का असं?" "काही नाही. बस चुकली." म्हणजे बघा, चाळीस पार केलेली बाई, तिच्या हाताखाली तीन विद्यार्थी पीएचडी झाले, आणि ती बस चुकली म्हणून तोंड पाडून बसते, हे ल्यूबेनला काही पटलं नाही, पण त्याने बियांची पुडी तिच्याकडे सरकवली.

पेपर होता करकोच्यांवरच. मारित्साच्या काठच्या एका गावात वसंतात पहिला करकोचा कुठल्या तारखेला आला, त्याच्या त्रेपन्न वर्षांच्या नोंदी. या नोंदी कुठल्या संस्थेने केल्या नव्हत्या, सरकारने तर नव्हत्याच. नेव्यानाच्या बाबांनी केल्या होत्या, वेलिन मास्तरांनी, गावच्या शाळेतल्या. एकाहत्तर साली नोकरीला लागले आणि त्याच वर्षी चौकटीच्या वहीत लिहायला लागले: तापमान, वारा, काय फुललं, कोण आलं. अजून लिहितात, एक्क्याऐंशी वर्षांचे झाले तरी. आणि म्हणून पेपरवर तिसरं नाव त्यांचं होतं, ल्यूबेननेच आग्रह धरला होता, "वह्या ज्याच्या नाव त्याचं, आपण काय, नुसते हमाल." बाबांना हे फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या बेकरीवाल्या बाईपासून बसच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं की मास्तरांचं नाव छापून येणार.

नेव्यानाने गोषवारा उघडला. पहिल्या वाक्यातून चार शब्द काढले. दुसऱ्यातून सहा. "या अभ्यासात आम्ही असे दाखवतो की" हे अख्खंच गेलं, त्याशिवाय कुणाचं काही अडत नाही. मग ती पाचव्या वाक्याशी आली आणि थांबली. गेलं दीड वर्ष ती या वाक्याशी येऊन थांबत होती, खरं तर हे वाक्य वाक्य व्हायच्या आधीपासून, नुसता एक ठिपका होतं तेव्हापासून. वाक्य असं होतं: "नोंदकाळातल्या सर्वांत उबदार हिवाळ्याच्या वर्षी, म्हणजे १९९० साली, सर्वांत लवकरचे आगमन (९ मार्च) आढळले." आलेखावर हा ठिपका एकटाच कोपऱ्यात होता, बाकीचे बावन्न एका गर्दीत आणि हा लांब, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. पहिल्यांदा आलेख काढला तेव्हा ल्यूबेनने टेबलावर हात आपटला होता. "बघ! जितका हिवाळा उबदार तितका पक्षी लवकर! हा एक ठिपका सगळी रेघ खाली ओढतोय!" आणि तेव्हा बोलायला हवं होतं. पण तेव्हा तिला वाटलं, त्रेपन्नातला एक, काय फरक पडतो. मग पेपर लिहिता लिहिता तो ठिपका मोठा होत गेला, त्याच्यावर एक परिच्छेद झाला, मग एक पान, मग परिषदेत लोक चहा पिताना विचारायला लागले, "तो नव्वदचा करकोचा म्हणजे कमालच हो!" आणि ती हसून मान हलवत राहिली. वीस पानांत माणसाला लपता येतं. कुठेही बसावं, तळटीपेत, कोष्टकाच्या मागे. पण दोनशे शब्दांत लपायला जागाच नसते, तिथे एकेक शब्द आपल्याकडे तोंड करून उभा असतो. "पाचवं वाक्य मारलंस तर मी खिडकीतून उडी टाकीन," ल्यूबेन समोरून म्हणाला, जणू त्याला तिचा कर्सर दिसतच होता. "तळमजल्यावर आहोत आपण," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणतोय."

नव्वद साली ती सात वर्षांची होती. आई फेब्रुवारीपासून शहरातल्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर, आणि ते इस्पितळ अजून आहे, बस अजून त्याच्यासमोरूनच जाते, आणि नेव्याना तेवढ्यापुरती मोबाइल काढून बघत बसते, रोज, सकाळ-संध्याकाळ. रुमेना नाव आईचं. त्या दिवसांतल्या आईचं तिला तोंड आठवत नाही, हे कुणाला सांगायची तिला लाज वाटते. तिला आठवतो आईच्या निळ्या गाऊनचा खिसा आणि त्यात दह्याच्या बरणीचं झाकण, कारण झाकणं आई तिच्यासाठी जमवायची. एक मार्चला बाबा तिला घेऊन गेले होते, शाळा बुडवून. आईने उशीखालून मार्तेनित्सा काढली, तिथेच नर्सकडून लोकर मागून वळलेली, लाल कमी पडली म्हणून पांढरीच जास्त, आणि तिच्या मनगटावर बांधली. बांधताना आईची बोटं थंड होती आणि गाठ दोनदा सुटली. "ही कधी सोडायची?" आईने विचारलं. "करकोचा दिसला की." "आणि करकोचा आला की मागोमाग कोण येणार?" "कोण?" "मी. तो पुढे, मी मागे. तो धुराड्यावर, मी दारात." शेजारच्या खाटेवरची जाडी बाई हसली होती, "मग मलापण एखादं बदक बघा गं कुणीतरी." सगळे हसले. नेव्याना सगळ्यांत जास्त हसली. एवढं सोपं होतं तर.

मग ती बघत बसली. शाळेत खिडकीतून, घरी अंगणातून, रस्त्याने चालताना वर बघून दोनदा पडली. त्या वर्षी हिवाळा झालाच नव्हता म्हणा ना, फेब्रुवारीतच आलुबुखाराची झाडं पांढरी झाली होती, लोक कोट काढून फिरत होते, सगळं असं दिसत होतं की करकोचा कुठल्याही क्षणी येईल, मग तो येत का नाही? आठ दिवस बघितलं. सात वर्षांच्या मुलीचे आठ दिवस म्हणजे केवढे असतात! नवव्या दिवशी, शुक्रवारी, ती शाळेतून आली, बाबा स्वयंपाकघरात बीन्स निवडत बसले होते, आणि तिने दप्तर न काढताच सांगितलं, "करकोचा आला. मी पाहिला." हनुवटी वर गेली. आवाज जरा जास्तच मोठा झाला. बाबांनी हात पुसले, फडताळावरून वही काढली, पेन उघडलं. वहीच्या बाबतीत बाबा कडक होते, अंदाजे काही लिहायचे नाहीत, शेजारच्या आज्यांनी सांगितलेली कोकिळासुद्धा स्वतः ऐकल्याशिवाय लिहायचे नाहीत. "कुठे पाहिलास?" "शाळेच्या धुराड्यावर." "कुठून आला?" "नदीकडून." "एकटाच होता?" "एकटाच." बाबा तिच्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी लिहिलं, निबेचा खरखर आवाज झाला, आणि तो आवाज तिला आजही कुठे कागदावर पेन चाललं की पाठीच्या कण्यातून ऐकू येतो. मग दोघं बाहेर गेले, बाबांनी तिची मार्तेनित्सा सोडली आणि आलुबुखाराच्या खालच्या फांदीला बांधली, रीत असते तशी. आता आई येणार. ती त्या रात्री आईच्या सपाता दारात मांडून झोपली.

आणि आई आली नाही ना. त्या रविवारी भेटायला गेले तेव्हा नेव्यानाने आधी तेच विचारलं, "करकोचा आलाय. तू कधी येतेस?" आई म्हणाली, "येते राणी. आवरते आणि येते." पण आई आवरत तर नव्हतीच, नुसती पडून होती. पुढचा अख्खा आठवडा सपाता दारात तशाच. आणि तिला राग यायला लागला. आता हे कसं सांगायचं कुणाला, की खोटं आपणच बोललो आणि राग आईचा आला! पण तसंच झालं. करकोचा आला म्हणून वहीत लिहिलंय, बाबांच्या अक्षरात लिहिलंय, म्हणजे आलाच, आणि आईने कबूल करून पाळलं नाही, म्हणजे आई खोटारडी. पुढच्या रविवारी बाबांनी तिचे बूट पुसून ठेवले तर ती टेबलाखाली जाऊन बसली. "मी नाही येणार." "नेव्याना, बस निघेल." "जा तू. ती खोटं बोलते. मी नाही येणार तिच्याकडे." बाबांनी ओढून काढलं नाही. ओरडले नाहीत. टेबलक्लॉथच्या खालून तिला त्यांचे फक्त बूट दिसत होते, एकाच्या नाडीला गाठ मारलेली. ते बूट बराच वेळ उभे राहिले, मग वळले. शेजारच्या आजीला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगून, टोपी घालून, वही काखेत मारून ते एकटेच गेले. बुधवारी आई गेली. नेव्याना तेव्हा गणिताच्या तासाला बसली होती.

साडेअकरा वाजले होते. गोषवारा दोनशे नऊवर आला होता. नेव्यानाला अचानक प्रश्न पडला, जो खरं तर तेहतीस-चौतीस वर्षांत पडायला हवा होता, की त्या रविवारी बाबांनी वही काखेत का मारली होती? इस्पितळात वही कशाला? पेपरसाठी सगळ्या वह्या स्कॅन केल्या होत्या, पण तारखा काढल्या होत्या एका विद्यार्थिनीने, वर्ष आणि दिवस, बस. नव्वद सालचं पान नेव्यानाने कधीच उघडलं नव्हतं. कशाला उघडेल? त्यात काय आहे ते तिलाच तर माहीत होतं. तिने फाइल उघडली. बाबांचं अक्षर, तेव्हा अजून सरळ. "९ मार्च, शुक्र. +१६. आलुबुखार पूर्ण बहरात. पहिला करकोचा. पाहिला: नेव्याना." बाकी बावन्न वर्षांत सगळीकडे "पाहिला: मी" होतं, हे तिला माहीत होतं, कारण ल्यूबेनने त्यावरून विनोदही केला होता, की एकच निरीक्षक, पेपर मजबूत. विद्यार्थिनीने ते दोन शब्द टिपलेच नव्हते. नेव्याना खाली सरकली. दहा, अकरा, बारा. कोबी लावला. दक्षिणेचा वारा. आणि मग: "१८ मार्च, रवि. +१४. वारा नाही. नेव्यानाला ताप, ३८.५. अंथरुणात आहे."

तिने ते पुन्हा वाचलं. मोठं करून वाचलं, इतकं मोठं की कागदाचे धागे दिसायला लागले. तिला ताप नव्हता. ती टेबलाखाली होती. त्या दिवशी तिने दुपारी दोन बशा बीन्स खाल्ले आणि शेजारच्या आजीच्या कोंबड्यांमागे पळत होती, तिला काही झालं नव्हतं. बाबांच्या वहीत खोटं होतं. पेनाने, तारीख घालून, एका दशांशासकट. त्याच्या खाली एकोणीस, वीस. आणि एकवीसपासून काही नाही. पानामागून पान, चौकटी चौकटी, दोन मेपर्यंत रिकामं. त्रेपन्न वर्षांत एवढीच जागा रिकामी.

ती व्हरांड्यात गेली आणि फोन लावला. बाबा नेहमीसारखे बऱ्याच वेळाने उचलले आणि नेहमीसारखं चुकीच्या कानाला लावून आधी ओरडले, "कोण आहे? मोठ्याने बोला!" "मी आहे, बाबा." "छापून आलं?" "नाही अजून. बाबा, ऐक—" "बेकरीवाली रोज विचारते. मी म्हटलं, अगं, ते काय पाव आहे सकाळी भट्टीतून काढायला! वेळ लागतो विज्ञानाला." "बाबा, नव्वद सालच्या वहीत तू लिहिलंयस की मला ताप होता. अठरा तारखेला." तिकडे कोंबडा ओरडला, मग दार बंद केल्याचा आवाज. "बाबा?" "ऐकतोय." "मला ताप नव्हता." "नव्हता," बाबा म्हणाले. "मग?" "वही मी रुमेनाला वाचून दाखवायचो. दर रविवारी. अंगणात काय उगवलं, कोण आलं. तिला आवडायचं. मग ती स्वतःच वही हातात घ्यायला लागली, म्हणजे तू का आली नाहीस ते लिहिलेलं दिसायला हवं ना. म्हणून बसमध्ये बसून लिहिलं." "बसमध्ये?" "अक्षर बघ, हललंय." नेव्यानाला पुढचं विचारायचं नव्हतं, आणि तोंडातून तेच आलं, "मग नऊ तारखेचा करकोचा?" बाबा हसले, म्हणजे तो हसण्यासारखा आवाज होता. "पोरी, मी एकोणीस वर्षं करकोचे बघत होतो. नऊ मार्चला, एकटा, नदीकडून. नदी उत्तरेला आहे आपल्या. करकोचे येतात दक्षिणेकडून, ते काय उलटे येतात?" "मग लिहिलंस कशाला!" ती ओरडलीच, व्हरांड्यातून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने वळून पाहिलं. "तू सांगितलंस म्हणून. पाहिला: नेव्याना. दुसरं काय लिहिणार होतो? आणि तुझ्या आईने वाचलं ते. वाचून हसली. म्हणाली, वेलिन, नऊ मार्चला? म्हटलं, हो. म्हणाली, फार वाट बघते रे ती, खोडू नकोस हां. म्हणून नाही खोडलं." नेव्यानाने भिंतीला डोकं टेकलं. भिंत गार होती, जुन्या ऑइल पेंटची. "आणि खरा कधी आला? त्या वर्षी?" "माहीत नाही," बाबा म्हणाले. "मी वर बघितलंच नाही त्या वर्षी. आला असेल. धुराड्यावर पिल्लं होती मे महिन्यात, म्हणजे आला असणार." मग म्हणाले, "तू कधी येतेस?" आणि ती म्हणाली, जे ती नेहमी म्हणते, "बघते बाबा. काम आहे. जमेल तसं." आणि फोन ठेवला.

आत आली तर ल्यूबेन तिच्याच स्क्रीनसमोर उभा. "दोनशे नऊ! शाब्बास. अजून नऊ. हे बघ, इथे 'सविस्तर' काढ—" "पाचवं वाक्य जाणार," ती म्हणाली. "मी खिडकी उघडू?" "ल्यूबेन, तो करकोचा कुणी पाहिलेला नाही." "म्हणजे?" "नऊ मार्चला करकोचा आलाच नव्हता." "तुला काय माहीत?" "कारण पाहणारी मी होते." आणि तिने सांगितलं. सगळं नाही, सपातांचं नाही, टेबलाचं तर नाहीच. मी लहान होते, आई इस्पितळात होती, मी खोटं सांगितलं, बाबांनी लिहिलं. बारा सेकंदांत झालं सांगून. चौतीस वर्षांचा गोषवारा तोंडी किती छोटा होतो! ल्यूबेन खाली बसला, तिच्याच खुर्चीत, तिच्या पडलेल्या कोटावर पाय ठेवून. त्याच्या हातात एक बी होती, ती त्याने फोडली नाही, परत पुडीत टाकली. "तर दीड वर्ष," तो म्हणाला, "दीड वर्ष तू माझ्यासमोर बसलीस." "हो." "परिषदेत मी भाषण केलं त्याच्यावर. टाळ्या पडल्या." "हो." "शिवी देऊ का?" "दे." त्याने दिली नाही. त्याने आलेख उघडला आणि कोपऱ्यातला तो ठिपका पुसला. रेघ हलली. म्हणजे काय, इतके दिवस ताणून धरलेलं काहीतरी सुटलं आणि रेघ हळूच वर जाऊन जवळजवळ आडवी पडली. दोघं बघत राहिले. "काही उरलं?" तिने विचारलं. "थोडं. दहा वर्षांत एखादा दिवस. ठामपणे म्हणता येणार नाही इतपत." "घेतील पेपर?" "मासिकाच्या वर्धापनाच्या अंकात? संपादकबाईंना चमचमीत पाहिजे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "म्हाताऱ्याचं नाव होतं गं त्याच्यात." "माहितीये." "माहितीये म्हणे." मग तो उठला, तिचा कोट उचलून झटकला, खुर्चीवर नीट टाकला आणि म्हणाला, "लिही. मी आकडे परत काढतो. पाचला अजून वेळ आहे."

मग तिने लिहिलं. आधीचं सगळं पुसून. आणि गंमत बघा, आता शब्द कमी पडायला लागले, दोनशे भरेनात. एका गावातल्या एका शिक्षकाने त्रेपन्न वर्षं केलेल्या नोंदी. आगमन किंचित लवकर सरकल्याचे दिसते, पण खात्रीने सांगता येत नाही. हिवाळ्याच्या उबेशी संबंध क्षीण. आणि मग शेवटून दुसरं वाक्य, जे तिने पाच वेळा लिहिलं. "१९९० ची नोंद सदोष असल्याने वगळली." सदोष? पुसलं. "चुकीची." पुसलं. तिला दिसत होतं ते स्वयंपाकघर, बीन्सचं ताट, बाबा बराच वेळ बघत राहिलेले. ती वाट बघते रे, खोडू नकोस. चौतीस वर्षं तिला वाटत होतं की त्या दोघांना फसवलं, आणि ते दोघं तिच्या त्या एका ओळीवर चादर धरून उभे होते, एक इकडून, एक तिकडून. आई दहा दिवसांनी जाणार होती आणि तिला माहीत असणार, आणि तरी ती म्हणाली आवरते आणि येते. आणि शेवटच्या रविवारी आईने वहीत वाचलं, ताप, ३८.५. मग बाकीचा वेळ आई काय करत होती? दुसऱ्या खाटेवरच्या बाईला विचारत असेल का, की ३८.५ म्हणजे लहान मुलाला फार असतो का हो? औषध दिलं असेल ना? म्हणजे आई मरताना तिची काळजी करत मेली, एका नसलेल्या तापाची. की आईला तेही कळलं होतं, करकोच्यासारखं? बाबांना आत्ता परत फोन करून विचारता आलं असतं. तिने केला नाही. काही ओळी कुणी खोडू नयेत आणि तपासूही नयेत. ती स्क्रीनकडे वळली आणि लिहिलं: "१९९० ची नोंद विश्लेषणात घेतलेली नाही, निरीक्षक वय वर्षे सात. त्या वर्षी पहिला करकोचा कधी आला हे ज्ञात नाही."

ल्यूबेनने खांद्यावरून वाचलं. "वय वर्षे सात काढतील ते," तो म्हणाला. "काढू देत." "किती शब्द झाले?" "एकशे एक्क्याण्णव." "नऊ उरले की!" "उरू देत." तिने बाबांचं नाव पुन्हा तपासलं, वेलिन कराजोव, अक्षर न् अक्षर, आणि पाठवून दिलं. चार वाजून वीस मिनिटं. ल्यूबेनने पुडी बंद केली, टोपी घातली आणि दारातून म्हणाला, "फूल उद्या तुलाच देणार आहे, पण तोंड फिरवून देणार. राग आहे माझा." "दे तसं." "एकच देणार. लेखापालबाईंपेक्षा छोटं." तो गेला. व्हरांड्यात त्याची शीळ ऐकू आली, मध्येच बंद पडली.

परतीच्या बसमध्ये तिने मोबाइल काढला नाही. इस्पितळ आलं, चौथा मजला आला, खिडक्या मोजता आल्या नाहीत इतक्या भरभर गेल्या, एका खिडकीत कुणीतरी दह्याच्या बरण्या ओळीने ठेवल्या होत्या, आणि तिला वाटलं आता आईचं तोंड आठवेल, आता आठवेल, पण खिसाच आठवला, निळा, आणि त्यात काहीतरी वाजणारं. पुलावर तो प्लास्टिकचा कागद नदीतल्या एका झुडपाला अडकला होता. मनगटावरची मार्तेनित्सा बाहीत गुंतली होती, ती तिने सोडवून सरळ केली आणि पुन्हा फोन लावला. "कोण आहे? मोठ्याने!" "बाबा, मी. बहुतेक नाही छापणार ते. तुझं नाव नाही येणार." तिला रडायचं नव्हतं, पुढे बसलेल्या माणसाने खिडकीकडे तोंड वळवलं, बरं झालं. "मग बेकरीवालीला काय सांगू?" "सांग की नेव्यानाने खोडलं." "हं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "खोडायला रुमेनाने मला नको म्हटलं होतं. तुला कुठे म्हटलं होतं!" बस वळली. नेव्यानाने नाक पुसलं. "मी रविवारी येते, बाबा." "करकोचा नाही आला अजून. आज सकाळीही बघितलं मी. वीस-बावीस तारखेआधी काही येत नाही तो." "नसू दे. मी येते. लिहून ठेव हवं तर वहीत, दहा मार्च, रविवार."

"ये आधी," बाबा म्हणाले. "आल्यावर लिहितो."